कोपऱ्यावरची मेंदी आणि समोरच्यांची तक्रार

एका वाचकाचं पत्र:

आमचं घर जुळे सोलापुरात, कॉलनीतल्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. कंपाउंडची भिंत पाच फुटांची, तिच्या आतून मेंदीचं कुंपण, कोपऱ्यात सौ.नं वाढवलेली बोगनवेल. भिंतीबाहेर छोटा वाफा करून कण्हेर लावली आहे, शेजारी एक कडुनिंब आहे. मागच्या आठवड्यात सूनबाई स्कूटीवरून गेटबाहेर पडली आणि कोपऱ्यावरून वळलेली दूधवाल्याची मोटारसायकल समोर आली. दोघांनी करकचून ब्रेक दाबले. दुधाची किटली सांडली, एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून समोरचे गृहस्थ मागे लागलेत: भिंत उतरवा, मेंदी काढा, लिंब तोडा. “तुमच्या बागेपायी एखादं लेकरू जाईल की ओ सर,” असं चारचौघांत बोलले. स्वतःची कार मात्र रोज कोपऱ्यालाच लावतात. आता महापालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज देणार म्हणे. माझं म्हणणं असं, की लोकांनी गाड्या हळू चालवाव्यात आणि महापालिकेनं गतिरोधक करावा. माझ्या जागेत मी काय लावायचं ते दुसऱ्यानं का ठरवावं?
– निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

नमस्कार सर,

चारचौघांत बोलणं झालं म्हणून तुम्हाला लागलं, हे पत्राच्या सुरातून कळतं. बोलणाऱ्याची रीत खटकली की त्याचं खरंही खोटं वाटायला लागतं. तरी स्पष्टच सांगायचं, तर समोरच्यांचा मुद्दा बरोबर आहे. लिंब तोडायचा सोडून. त्यांची कार चुकीच्या जागी लागते, तिच्याकडे येऊच, पण त्यामुळे तुमची भिंत काही ठेंगणी होत नाही. आधी आपला कोपरा मोकळा करायचा आणि मग त्यांच्या गाडीचा विषय काढायचा, हा क्रम ठेवा. उलटं केलंत तर वर्षभर तू-तू मैं-मैं चालेल आणि कोपरा आहे तसाच राहील.

“लोकांनी हळू चालवावं” या तुमच्या वाक्यापासून सुरुवात करू. ३० किलोमीटरच्या वेगानं येणारी मोटारसायकल सेकंदाला आठ मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. कॉलनीत ३० म्हणजे कोणाला वेगच वाटत नाही. पेपरवाला, क्लासला उशीर झालेली पोरं, विजापूर रोडवरून होटगी रोडला शॉर्टकट मारणारे, सगळे त्याच्याच आसपास असतात. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे कळणं, ब्रेक दाबणं आणि गाडी थांबणं, या सगळ्याला मिळून इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ३० च्या वेगासाठी ३० मीटर धरलेत. ४० ला ४५ मीटर, ५० ला ६०. त्यात माणसाला भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद दिलेत. आता तुमचं गेट कोपऱ्यापासून पाच-सहा मीटरवर असेल, तर वळून आलेल्या माणसाला सूनबाई दिसली तेव्हा त्याच्या हातात पाऊण सेकंदही नव्हता. तो ३० नं येत असता तर ब्रेक दाबायच्या आतच आदळला असता. दूध सांडण्यावर भागलं, याचा अर्थ त्या दिवशी दोघंही हळूच चालवत होते. तुम्ही मागताय ते लोकांनी आधीच केलेलं होतं, आणि तरीही ते एकमेकांसमोर येऊन ठाकले. दोघांपैकी कोणालाच दुसरा दिसला नव्हता.

का दिसला नाही, ते बघायला रविवारी सकाळी थोडा वेळ काढा. घरात कार असेल तर ती काढा, नसेल तर पुढच्या गल्लीतल्या कोणाची तरी मागून आणा. तिचं नाक बरोबर गेटच्या रेषेत आणून थांबवा. मुलगा चालवत असेल तर त्याला उठवून ड्रायव्हरच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा आणि उजवीकडे पाहा. मेंदी दिसेल. गाडी इंच-इंच पुढे घ्या आणि रस्ता नीट दिसायला लागला की थांबा. आता खाली उतरून बघा, बोनेट कुठवर गेलंय. गाडीच्या पुढच्या टोकापासून चालवणाऱ्याचा डोळा साधारण दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट मागे असतो. आपल्या कॉलन्यांत फूटपाथ नसतो, भिंत संपली की हात-दोन हात माती आणि लगेच डांबर. म्हणजे तुम्हाला रस्ता दिसेपर्यंत बोनेट डांबरावर आलेलं असतं. स्कूटीला हे अंतर कमी, पण स्कूटीवर बसलेल्या माणसाचा डोळा पाच फुटांच्या भिंतीच्या खालीच राहतो.

उजवीकडे आधी बघायला सांगितलं त्याला कारण आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गेटमधून बाहेर तोंड करून उभं राहिलं की अगदी जवळून जाणारी गाडी उजव्या हाताकडून येते. तुमचा कोपरा गेटच्या उजवीकडे असेल तर दुखणं आणखी मोठं, कारण वळून येणारा सगळा लोंढा त्याच बाजूनं. डावीकडूनही बघाच, उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्यांना सोलापुरात तोटा नाही.

त्याच रविवारी दुसरी गोष्ट करा. घरातला पाण्याचा वीस लिटरचा जार एका स्टुलावर ठेवा. साधारण साडेतीन फूट उंची होते, बालवाडी-पहिलीतल्या पोराएवढी. तो भिंतीच्या कडेनं, रस्त्याच्या बाजूला, गेटपासून दहा पावलांवर ठेवायला सांगा आणि पुन्हा सीटवर बसा. दिसतो का बघा. मग वहिनींनाही बसवा त्या सीटवर. बागेबद्दल जो निर्णय व्हायचा तो त्यांच्याशिवाय व्हायला नको, आणि मी इथं लिहिलेल्या हजार शब्दांपेक्षा त्या सीटवरचं एक मिनिट त्यांना जास्त पटेल.

आता तुमचा मुख्य सवाल, माझ्या जागेत दुसऱ्यानं का ठरवावं. कोपऱ्यावरच्या प्लॉटपुरतं ते खरंच दुसऱ्यानं ठरवून ठेवलेलं आहे. २०२० साली राज्यात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. बांधकामवाले तिला ‘युडीसीपीआर’ म्हणतात, आणि ती सोलापूर महापालिकेलाही लागू आहे. तिच्यात साध्या प्लॉटच्या कंपाउंडला समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून दीड मीटर उंची दिली आहे. कोपऱ्याच्या प्लॉटला मात्र दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट. त्यावर आणखी ०.७५ मीटर हवंच असेल तर ते रेलिंगचं, आरपार दिसणारं. घर त्याआधीचं आहे असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण अडीच फूट हा आकडा काही कोणी चिठ्ठी टाकून काढलेला नाही. रस्त्याच्या मानकात कार चालवणाऱ्याचा डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर धरतात. भिंत त्याच्या बरीच खाली राहिली तर पलीकडची सायकल दिसते, पोराचं डोकं दिसतं. पाच फुटांच्या भिंतीमागे यातलं काहीच दिसत नाही, मग भिंत कोणत्याही साली बांधलेली असो.

उंची मोजताना एक खबरदारी घ्या. बहुतेकांनी प्लॉट भरून उंच केलेला असतो. आत उभं राहिलं की भिंत कमरेला लागते आणि वाटतं, एवढीशी तर आहे. टेप रस्त्यावर उभं राहून लावा. तुमची पाच फूट आतून मोजलेली असेल तर बाहेरून सहा निघायची.

१० मीटर म्हणजे जवळपास तेहतीस फूट. तुमचा प्लॉट चाळीस बाय पन्नासचा असेल तर एक बाजू बहुतेक सगळी आली आणि दुसरी अर्ध्याहून जास्त. हे ऐकून पोटात गोळा येईल, म्हणून काम दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा कात्रीचा. भिंतीवर कोपऱ्यापासून दोन्हीकडे १० मीटर मोजून खडूनं खुणा करा आणि त्या दोन खुणांमध्ये अंगणातून दोरी ताणा. दोरी आणि कोपरा यांच्यामधल्या तिकोनात अडीच फुटांच्या वर आणि आठ फुटांच्या खाली काही म्हणजे काही राहता कामा नये. मेंदी, बोगनवेल, कुंड्यांची मांडणी, वाळत घातलेल्या चादरी, सगळं धरून. भिंत अजून पाच फूट आहे म्हणून याचा उपयोग नाही असं समजू नका. मेंदी भिंतीच्या वर दोन हात गेली असेल तर ती छाटल्याक्षणी उंच गाड्या, टेम्पो, उभी माणसं दिसायला लागतात. दुसरा टप्पा गवंड्याचा. भिंत अडीच फुटांवर आणायची. पैसे एकदम निघत नसतील तर गेट आणि कोपरा यांच्यामधला तुकडा आधी उतरवा, दूधवाला तिथूनच आला होता.

रेलिंगबद्दल दोन शब्द जास्त लिहिणं भाग आहे, कारण इथं लोक नियम पाळूनही फसतात. फॅब्रिकेशनवाला तुम्हाला उभ्या पट्ट्यांची डिझाइन दाखवेल, चार-चार इंचांवर एक. समोर उभं राहून बघितलं की छान आरपार दिसतं. पण गाडीतून तुम्ही रेलिंगकडे समोरून बघत नसता, भिंतीच्या जवळजवळ समांतर, तिरकं बघत असता. तिरक्या नजरेला त्या पट्ट्या एकीमागे एक सरकून एकजीव होतात आणि पुन्हा भिंतच उभी राहते. जिन्याच्या कठड्याला गाल लावून बघा, लगेच कळेल. म्हणून चपट्या पट्ट्या नकोत. दोन-तीन आडव्या पाइपांवर भागवा आणि मधे शक्य तितके कमी खांब घ्या. आणि रेलिंग झाल्यावर मार्च महिन्यात त्याला हिरवी शेडनेट बांधायची नाही. आपल्याकडे हे हमखास होतं. ऊन चाळिशी ओलांडतं, कुंड्या करपायला लागतात, कोणीतरी नेट आणतं, आणि पावसाळा संपला तरी ती फाटक्या चिंध्यांनी तिथंच लोंबत असते.

वहिनींच्या झाडांचं काय होणार? फारसं काही बिघडत नाही. मेंदी हे कात्रीचंच झाड, मुळापासून हात-दीड हात ठेवून छाटली तरी पुन्हा फुटते. अवघड आहे ते दर महिन्याला तिला दोन फुटांवर धरून ठेवणं. तेवढी निगा होणार नसेल तर दोरीच्या आतली मेंदी काढून टाका आणि बाहेरची ठेवा. बोगनवेलही कडक छाटणी सोसते, फुलं नव्या फुटीवर येतात. तिला कोपऱ्यातून हलवण्याच्या फंदात पडू नका, जुनी वेल उपटली की बहुधा जाते. पाऊस सुरू झाला की पेन्सिलएवढ्या जाड फांद्यांची छाटं लावा, त्यातली काही धरतील. ती पोर्चच्या खांबावरून गच्चीवर चढवा. तिथं ती कोपऱ्यापेक्षा जास्त देखणी दिसेल आणि काटे कोणाच्या डोळ्यांशी येणार नाहीत. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागी सदाफुली, कोरफड, ऑफिस टाइम असं काहीतरी लावा. सदाफुली सोलापूरच्या उन्हाला आणि पाण्याच्या पाळीला पुरून उरते.

वहिनींना बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर नको म्हणून कुंपण वाढवलेलं असेल, तर त्यांचंही बरोबर आहे. संध्याकाळी अंगणात बसायचं तर आडोसा पाहिजेच. पण तो बसायच्या जागेशी करा. व्हरांड्यापुढे चार फुटांची जाळी उभारून तिच्यावर गोकर्ण सोडलं तरी काम होतं, आणि कोपरा मोकळा राहतो.

कण्हेरीचं मात्र वेगळं आहे. ती तुमच्या जागेत नाहीच. शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आपल्याकडे सगळे भिंतीबाहेर कण्हेर लावतात, आणि ती बघता बघता डोक्याच्या वर जाते. वाफ्याच्या कडेला लावलेले दगडही रस्त्यावरच आले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात रस्त्यावर अडथळा होईल असं जे उभारलेलं असेल ते आयुक्तांना नोटीस न देताही काढता येतं. ती वेळ येऊ देऊ नका, वाफा आपल्या हातानं काढा. समोरच्यांच्या अर्जातला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच असणार आहे, आणि तो एका सकाळच्या कुदळीत संपतो.

लिंब तोडायचा नाही. तोडण्याचं कारणही नाही आणि तसा अधिकारही तुम्हाला नाही, त्यांनाही नाही. शहरातल्या झाडांना १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याचं छत्र आहे आणि परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. नजरेला खोडाचा त्रास थोडा असतो. अडवतात त्या खाली लोंबणाऱ्या फांद्या आणि बुंध्याशी फुटलेले धुमारे. उद्यान विभागाला अर्ज देऊन आठ फुटांखालच्या फांद्या काढून घ्या, वरची सावली जशीच्या तशी राहते. खोडाचा एक धोका मात्र ध्यानात ठेवा. कारच्या पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, तो आणि लिंबाचं खोड एका रेषेत आले तर त्यांच्या आड एक अख्खी मोटारसायकल लपते. निघताना मान पुढे-मागे करून बघायची सवय घरात सगळ्यांनाच लावा.

हे लिहिताना सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची आठवण झाली. जानेवारीत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघायच्या असतात, त्याआधी मार्गावरच्या फांद्या छाटतात, तारा उचलतात. उंच काठीला वाट करून द्यायची तर या गावाला कोणी शिकवावं लागत नाही. साडेतीन फुटांच्या पोराला तेवढी वाट द्यायला काय हरकत आहे?

गेटचं गेटापाशीच बोलू. तुमचं पत्र्याचं असेल तर उघडल्यावर ते कुठल्या बाजूला थांबतं ते बघा. नियमानं कंपाउंडचं गेट आतच उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. बाहेर उघडणारा पत्रा म्हणजे दर वेळी उभी केलेली नवी भिंत. कार आत घेतानाच उलटी घ्या, म्हणजे सकाळी निघताना तोंड रस्त्याकडे राहील. रिव्हर्सनं बाहेर येताना चालवणारा रस्त्यापासून आणखी दूर बसलेला असतो आणि मागचं बुटकं काही त्याला दिसत नाही. अगदीच रिव्हर्स घ्यावी लागली तर घरातलं कोणीतरी रस्त्यावर जाऊन उभं राहावं, हातानं सांगावं. हॉर्न वाजवला की झालं, असं समजू नका. गेटमधून रस्त्यावर येणाऱ्यानं थांबायचं असतं, रस्त्यावरच्याला जाऊ द्यायचं असतं. सूनबाईंनाही हे सांगा, पण त्या दिवशीचा दोष त्यांच्या माथी मारू नका. थांबून बघितलं असतं तरी त्यांना मेंदीच दिसली असती.

कोणीतरी तुम्हाला समोरच्या खांबावर गोल आरसा लावायला सांगेल. लावायला हरकत नाही, खांब महापालिकेचा असेल तर विचारून लावा. पण तो फुगीर आरसा सगळं लहान करून दाखवतो, त्यामुळे जवळ आलेली गाडीही लांब वाटते. त्यावर आठवड्याभरात धूळ बसते आणि रात्री हेडलाइट पडला की नुसता पांढरा गोळा दिसतो. भिंत उतरवल्यावर जोडीला असू द्या. भिंतीच्या बदल्यात नको.

आता समोरच्यांची कार. कोपऱ्यावर, वळणावर किंवा दुसऱ्याच्या गेटसमोर गाडी उभी करणं वाहतुकीच्या नियमांत बसत नाही, आणि इतरांना धोका होईल अशा जागी गाडी सोडण्याबद्दल मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र कलम आहे, १२२ नंबरचं. पण कलमानं सुरुवात करू नका. तुमची मेंदी छाटून झाली, वाफा निघाला, भिंत उतरली, की त्यांना चहाला बोलवा आणि त्याच सीटवर बसवा. “या की ओ, बसून बघा जरा, आता काय दिसतंय ते सांगा,” एवढंच म्हणा. त्यांना आता समोर एकच गोष्ट आडवी दिसेल, त्यांची स्वतःची कार. तुम्ही तोंडानं काहीच बोलला नाहीत तरी चालेल. बहुतेक माणसं एवढ्यावर गाडी दहा पावलं मागे घेतात. नाहीच घेतली, तर मग शहर वाहतूक शाखेकडे तक्रार करायला तुमचे हात स्वच्छ आहेत.

कॉलनीत आणखी काही गोष्टी कोपरा झाकतात, त्या दोघांनी मिळूनच सोडवण्यासारख्या आहेत. पाण्याच्या दिवशी टँकर आणि बॅरल कोपऱ्यालाच उभे राहतात. वाढदिवसाचं ‘डिजिटल’, म्हणजे फ्लेक्सचा फलक, बांधायला कोपऱ्यावरचा खांब सगळ्यांना सोयीचा वाटतो, आणि ते बरोबर गाडीवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीला बांधलेलं असतं. ज्याचा वाढदिवस असतो तो बहुधा ओळखीचाच निघतो. त्याच्या पोरांना सांगा, दोन हात वर बांधा किंवा चार घरं पुढं. भाऊंचा चेहरा वर गेला तर तेही खूशच होतील.

गतिरोधकाची मागणी करायची तर करा, पण तो तुमच्या भिंतीवरचा उतारा नव्हे. हळू आलेला माणूसही न दिसणाऱ्याला धडकतो, हे तुमच्या गेटसमोर घडून गेलंय. शिवाय आपल्याकडे रातोरात जो उंचवटा टाकतात त्याला मी गतिरोधक म्हणणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, २५ च्या वेगानं जाणाऱ्याला तो सुखानं ओलांडता येतो. गल्लीतला उंचवटा हातभर रुंद आणि गुडघ्याएवढा, गरोदर बाईला आणि पाठदुखीच्या म्हाताऱ्याला शिक्षा. कॉलनीनं वर्गणी काढून तसलं काही करू नये. महापालिकेला लेखी मागणी करा, आणि त्याच अर्जात कोपऱ्यावर पांढरे पट्टे आणि एक दिवा मागा. रात्री दिव्याचा उपयोग गतिरोधकापेक्षा जास्त होतो, कारण न दिसणारा गतिरोधक स्वतःच माणसं पाडतो.

राहता राहिला त्यांचा अर्ज. त्यांनी झोन ऑफिसला दिला तर देऊ द्या, वाईट वाटून घेऊ नका आणि उलट अर्जही करू नका. त्याआधी तुमचा एक अर्ज जाऊ द्या: कोपऱ्यावरचं कुंपण छाटलं आहे, रस्त्यावरचा वाफा काढला आहे, भिंत अमुक महिन्यात उतरवणार आहोत, लिंबाच्या खालच्या फांद्या छाटायला परवानगी मिळावी, दिवा आणि पट्टे मिळावेत. छाटणीच्या आधीचे आणि नंतरचे दोन फोटो जोडा, दोन्ही ड्रायव्हरच्या सीटवरून काढलेले. खाली समोरच्यांचीही सही घ्या. सही द्यायला ते कां-कूं करणार नाहीत, त्यांना हवं तेच तर लिहिलंय. एक प्रत उद्यान विभागाला, एक झोनला, आणि दोन्हीकडे शिक्का मारून पोच घ्यायला विसरू नका.